मूठभर कणीक

रविवारी सकाळी लटारूनं फडताळातला पितळी डबा उघडला, आत पाहिलं, डबा उलटा केला, बुडावर दोन टिचक्या मारल्या आणि मग बायकोला हाक मारली.

"धुरपता! डब्यातली कनिक कुठी गेली वं?"

धुरपता अंगणात धान वाळत घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"बापूजीच्या घरी."

"तिथी काऊन गेली?"

"मले काय विचारता? काल तुमीच तं थैलीत भरून नेली. जाताना म्हने, मंडळाच्या इज्जतीचा सवाल हाये."

लटारू रिकामा डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसला. नेली होती खरी. नेताना मंडळाची इज्जत डोळ्यांपुढे होती, मृदंग नव्हता.

"अवं, मृदंगापुरती मूठभर तं ठेवाची!"

"डबा तुमी झटकला. मी झटकला काय?"

लटारूनं डबा पुन्हा एकदा झटकून पाहिला.

सिंदेवाहीत त्या काळी गव्हाचं पीठ म्हणजे औषधासारखं होतं. सगळा मुलूख धानाचा. सकाळी भात, संध्याकाळी भात, आजारी पडलं तर पेज आणि बरं वाटलं की पुन्हा भात. चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्याला वर्ष उलटलं होतं, पण गहू काही त्याच्याबरोबर आला नव्हता. पोळी लाटायची ती जावई आला तर, नाहीतर तहसीलदार आला तर. आणि तरीही लटारूच्या घरात बाराही महिने कणकेचा एक डबा असे, कारण लटारू मृदंग वाजवत असे.

मृदंगाच्या डाव्या तोंडावर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. तो असला तर मृदंग घुमतो, नसला तर पाटावर हात आपटल्यासारखा वाजतो. वाजवून झालं की गोळा खरवडून टाकायचा आणि पुढच्या वेळी नवा लावायचा. आसपासच्या गावांत दंडारीच्या नाचातले ढोलकीवाले शिजलेल्या भातात चिमूटभर राख मळून तेच लावत आणि रात्रभर, नाच संपेपर्यंत वाजवत. पण लटारूनं तरुणपणी नागपूरला कापडाच्या गिरणीत दोन वर्षं काढली होती आणि तिथल्या एका बुवांकडे मृदंगाचे धडे घेतले होते. बुवा कणीक लावत. त्यामुळे लटारूच्या लेखी कणीक हे शास्त्र होतं आणि भात हा अडाणीपणा.

"भाताच्या आवाजाले ओल नसते," तो कोणालाही थांबवून सांगे. "माह्ये डोळे बांधा. नुसतं आयकून सांगतो, गहू हाये का भात."

कोणी त्याचे डोळे बांधले नव्हते. गावात सगळ्यांना आपापली कामं होती.

गावातल्या दहाबारा हौशी लोकांचं मिळून एक संगीत मंडळ होतं. बापूजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, ते गात. मन्सूरभाई शिंपी पेटी वाजवत. पोचू बासरीवर, बाकीचे टाळांवर, आणि मृदंगावर लटारू. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या व्हरांड्यात दुपारी बैठक भरे. भोंगा लावायचा नाही, असा मंडळाचा नियम होता. बाजारात तंबूच्या सिनेमावाल्याचा भोंगा दिवसभर कोकलत असे, त्यामुळे या नियमाला गावाचा मनापासून पाठिंबा होता. बैठक संपवून लटारू घरी आला की धुरपता त्याच्या ताटात तुपागुळाची एक गरम पोळी वाढी. कलावंताचा मान कसा ठेवावा, हे आपल्या बायकोला न शिकवता कळतं, याचं लटारूला फार कौतुक होतं.

आजची बैठक मात्र नेहमीची नव्हती. नागपूरहून भातखात्याचे परुळेकर साहेब सरकारी फार्म पाहायला यायचे होते. महिन्याभरानं चांद्याला शेतकी प्रदर्शन होतं, तिथे संध्याकाळी गाणं-बजावणं होणार होतं आणि कोणतं मंडळ बोलवायचं हे साहेबांच्या हाती होतं. साहेब गाण्याचे दर्दी आहेत अशी खबर होती. हे झालं मंडळाचं. लटारूचं त्याहून मोठं होतं. अकरा वर्षं तो बापूजींच्या मागे ठेका धरत आला होता. बापूजींचं गाणं एकदा सुरू झालं की श्रोते उठेपर्यंत थांबत नसे, त्यामुळे मृदंगाला एकट्याला वाजायची पाळी कधी आलीच नाही. या खेपेला बापूजींनी आपण होऊन सांगितलं होतं, "लटारू, साहेबापुढं पंधरा मिनिटं तू एकटा वाजवजो." त्या दिवसापासून लटारू जेवताना ताटावर, बंडीत बसला की बंडीच्या फळीवर आणि एकदा तर झोपेत धुरपताच्या पाठीवर वाजवत होता.

आणि आता कणीक नव्हती. ती कशी गेली, हे लटारूला चांगलं आठवत होतं.

परवा मन्सूरभाईंच्या दुकानात सभा झाली होती. साहेबांचं दुपारचं जेवण बापूजींच्या घरी ठरलं. काय रांधायचं, यावर बोलणं आलं.

"वांग्याची भाजी, वरन अन् नवा लुचईचा भात," बापूजी म्हणाले होते. "घरचा तांदूळ हाये, मऊ निंगते."

आणि लटारू, ज्याला कोणी विचारलं नव्हतं, तो म्हणाला होता, "बापूजी, भात? अवो, तो भातखात्याचा मानूस. दिवसभर भातच पाहून राह्यला. त्याले घरीबी भात, दारीबी भात? अन् नागपूरचे लोक पोळी खातात. मी राह्यलो नं तिथी दोन साल!"

सगळ्यांना ते पटलं. नागपूर पाहिलेला सभेत तो एकटाच होता. मग गहू आणायचा कुठून, हा प्रश्न निघाला. कय्यूम किराणावाल्याकडे होता तो सगळा मागच्या आठवड्यात एका लग्नघरानं नेलेला. बाजार सोमवारी. तेव्हा लटारूनंच तोड काढली, की ज्याच्या घरी चिमूट-मूठ कणीक असेल त्यानं ती बापूजींकडे पोचती करावी. ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. सगळ्यात जोरात टाळी लटारूची होती.

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण तो उचलून आणायला सभा बोलावणारा विरळा.

लटारू उठला. आधी शेजारच्या शकुबाईच्या घरी गेला. तिनं कालच बापूजींकडे दिली होती. टाळवाल्या वारलूच्या घरी गेला. त्यानंही दिली होती. मन्सूरभाईंच्या घरी खैरुनबी दारातच होती.

"भाभी, मूठभर आटा?"

"लटारूभाऊ, तुमीच तं मांगून नेला नं काल! म्हनले, एक दाना घरात ठेवू नोका!"

हेही खरं होतं. एक दाणा घरात ठेवू नका, असं तो प्रत्येक दारात म्हणाला होता. गावानं इतक्या मनापासून त्याचं ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती.

शेवटी तो बापूजींच्या मागच्या दारानं सैपाकघरात शिरला. बापूजींची बायको रुखमाबाई परातीपुढे बसली होती. परातीत गावभराची कणीक मळून तिचे आठ उंडे मांडले होते. गोरेपान, गुबगुबीत. लटारूला भरून आलं.

"बाई, एक उंडा द्या नं मले."

"अन् काय करता त्याचं?"

"मृदंगाले लावाचा हाये."

रुखमाबाईनं परात आपल्याकडे ओढली. "पाहुन्याच्या तोंडचा घास चामड्याले लावता? पाप लागंन. तो जेवला अन् उरलं, तं घेऊन जाजा."

"आठ कोन खाते वो, बाई?"

"तेच म्हन्तो मी. उरंनच."

हे ऐकून लटारूच्या जिवात जीव आला. पण नुसतं नशिबावर सोडायला तो तयार नव्हता. पंगतीला वाढायचं काम त्यानं मागून घेतलं.

साहेब बारा वाजता आले. पन्नाशीचे, सडसडीत, फार हळू बोलणारे. मधल्या पाटावर साहेब, डाव्या हाताला बापूजी, उजव्या हाताला मन्सूरभाई. बापूजी आणि मन्सूरभाईंच्या ताटात भात, साहेबांच्या ताटात पोळी. रुखमाबाईचा हात पोळीवर बसलेला नव्हता. पोळ्या जाड झाल्या होत्या आणि कुठल्याशा जिल्ह्याच्या नकाशासारख्या दिसत होत्या, पण तूप भरपूर होतं. साहेबांनी पहिली पोळी संपवली आणि शेजारच्या ताटांतल्या वाफाळत्या भाताकडे पाहिलं. लटारू हेच टिपायला उभा होता. भाताचं भगुणं घेऊन तो धावला.

"साहेब, भात घ्या. लुचईचा हाये. गरम हाये."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी ताटातली भाजी बाजूला सारून भातासाठी जागाही केली.

"लटारू!" बापूजी गरजले. "पाहुन्याले भात काय वाढतो रे! पोळी आन!"

"नाही, मला भात चालेल—" साहेब म्हणाले.

"संकोच नोका करू, साहेब. पोळ्या लय हाये. आमाले समजते, नागपूरच्या मानसाचं भातानं पोट नाई भरत."

दुसरी पोळी आली. तिसरी आली. साहेब स्वभावानं भिडस्त. ताटात पडलेलं टाकायचं नाही अशी त्यांची शिस्त, आणि ताट रिकामं दिसू द्यायचं नाही अशी बापूजींची. ही दोन तत्त्वं एका पंगतीला बसल्यावर माणसाचं काय होतं, ते लटारू उभ्यानं पाहत होता. चौथ्या पोळीला त्यानं पुन्हा भगुणं पुढे केलं. साहेबांनी या खेपेला हातच पसरला होता. बापूजींनी तो प्रेमानं धरून खाली केला.

"हा भात-भात काऊन करून राह्यला आज?" बापूजींनी मन्सूरभाईंना हळूच विचारलं.

"घबराहट हाये त्याले," मन्सूरभाई म्हणाले. "पंधरा मिनिटाची."

पाचवी गेली. सहावी गेली. सातवीला साहेबांच्या कपाळावर घाम आला. थंडीचे दिवस होते. लटारूनं मनातल्या मनात ताडोबाच्या जंगलातल्या सगळ्या देवांना नारळ बोलला. इतक्यात सैपाकघरातून रुखमाबाई स्वतः आठवी पोळी घेऊन आली आणि म्हणाली, "ही माह्याकून." बाईमाणसाला नाही कसं म्हणायचं? साहेबांनी डोळे मिटले आणि ती खाल्ली.

साहेबांच्या ताटात एक शीतही न पडता भाताचं भगुणं चुलीपाशी परत गेलं. परात धुवून उपडी घातली गेली.

बैठकीला तास उरला होता. लटारूनं घरी येऊन आधी ज्वारीचं पीठ भिजवलं. ते मृदंगावर बसलं, वाळलं आणि मातीच्या भिंतीला जाव्यात तशा त्याला भेगा गेल्या. मग बेसन लावून पाहिलं. पहिल्या थापेला ते उडून अंगणात पडलं आणि कोंबड्यांनी त्याचा निकाल लावला. धुरपता दारात उभी राहून पाहत होती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "भात लावा नं. माह्या मामाच्या ढोलकीले—"

"धुरपता!" लटारूचा आवाज चढला. "तुह्या मामाची ढोलकी येगळी, माहा मृदंग येगळा. तिथी साहेब बसला हाये, जानकार! भाताचा आवाज त्याले समजनार नाई काय? मले तं झोपेत समजते."

"बरं," धुरपता म्हणाली. ती कधी वाद घालत नसे. पदर खोचून ती बापूजींच्या घराकडे निघून गेली, रुखमाबाईला भांडी घासायला मदत करते म्हणाली.

लटारूनं पुन्हा ज्वारीच लावली, या खेपेला पाणी जास्त घालून, आणि शाळेची वाट धरली.

तीन वाजता व्हरांडा भरला. उजवीकडे बायका, डावीकडे पुरुष, मधोमध खुर्चीत साहेब. ते पोटावर हात ठेवून जरा तिरके बसले होते. बापूजींनी आवाज लावला. पहिलं पद कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात लय वाढली, लटारू रंगात आला, सवयीनं त्यानं डावा हात जोरात टाकला आणि ज्वारीचा गोळा मृदंगावरून सुटून, बापूजींच्या कानाजवळून, थेट मन्सूरभाईंच्या टोपीवर जाऊन बसला. मन्सूरभाई मोठे पक्के वादक. त्यांनी सूर सोडला नाही, पण डोळे वर करून टोपीकडे पाहत ते पुढचं सगळं कडवं वाजवत राहिले. पोरं फिदीफिदी हसली. त्यांच्या आया त्यांना दटावताना स्वतःच हसल्या.

पुढची दोन पदं मृदंग थपथप करत राहिला, जणू कोणी नदीवर धुणं धूत आहे. चहासाठी बैठक थांबली तेव्हा बापूजी लटारूच्या कानाशी वाकले.

"हे काय लावलं तू?"

"कनिक नाई भेटली, बापूजी. सगळी साहेबानं खाल्ली."

"तं तुह्ये पंधरा मिनिटं राहू दे आता. मीच गातो अजून एक."

बापूजींचं 'अजून एक' म्हणजे काय ते गावाला माहीत होतं. लटारू मान खाली घालून बसला. त्याला खरंच रडू येत होतं. अकरा वर्षं माणसानं दुसऱ्याच्या गाण्याच्या सावलीत काढावी, एक दिवस ऊन पडावं आणि त्याच दिवशी आपण छत्री घेऊन उभं असावं, असं त्याला झालं.

तेवढ्यात कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला. धुरपता होती. तिच्या हातात पळसाच्या पानाची ओली पुडी होती.

"घ्या. कनिक."

"कुठून आनली?"

"शकुबाईच्या घरी निंगाली, मडक्याच्या बुडाशी."

लटारूनं पुढचं काही विचारलं नाही. पुडी उघडली. मऊ, चिकट, गव्हाळ गोळा. नेहमी धुरपता भिजवून देते तसा. त्यानं उरलीसुरली ज्वारी खरवडली, गोळा थापला, अंगठ्यानं कडा दाबल्या आणि एक थाप मारली.

घुम्म!

चहा पिणारे थांबले. साहेब खुर्चीत ताठ झाले. लटारूनं बापूजींकडे पाहिलं. बापूजी दर्दी माणूस, त्यांचा राग आवाजापुढे टिकत नसे. त्यांनी नुसती मान हलवली.

मग लटारूनं वाजवलं. आधी हळू, बैल रानाकडे निघावे तसं. मग दुपट, मग चौपट. डावा हात घुमत होता, उजवा बोलत होता. बारीकसारीक बोल असे सुटे पडत होते, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही मोजता यावेत, आणि एकही भोंगा नव्हता. बाजारातला भोंगासुद्धा त्या वेळी बंद पडला होता. पंधराची वीस मिनिटं झाली, कोणाला कळलं नाही. शेवटची थाप पडली तेव्हा साहेब उभे राहिले आणि पोट सांभाळत म्हणाले, "वा! क्या बात है!"

लटारूला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. इथेच बैठक संपली असती तर फार बरं झालं असतं.

पण साहेब मृदंगाजवळ आले. "एक विचारू? हे डाव्या बाजूला काय लावता तुम्ही?"

सगळा गाव ऐकत होता. लटारूनं घसा साफ केला. "कनिक, साहेब. गव्हाची. आमच्या इकडचे लोक भात लावतात, पन भाताच्या आवाजाले ओल नसते. जानकाराले तं लगेच समजते. आता तुमीच आयकलं नं!"

"हो का," साहेब म्हणाले. त्यांनी गोळ्याचा एक कण काढला, दोन बोटांत चोळला, उजेडाकडे धरला, हुंगला. पुन्हा चोळला. बावीस वर्षं भातखात्यात काढलेला माणूस होता तो.

"अहो, हा तर भात आहे."

मागच्या रांगेतले लोक पुढे सरकले.

"लुचई," साहेब पुढे म्हणाले. "या हंगामातला नवा तांदूळ. थोडा जास्त शिजलाय. आणि चिमूटभर राख आहे."

लटारूनं मृदंगाचं डावं तोंड हातानं झाकलं. बायकांच्या बाजूनं रुखमाबाईचा आवाज आला, "अगो माय! माह्याच घरचा भात तो! साहेबासाठीबी रांधला, पन त्याच्या ताटात पडलाच नाई. धुरपता म्हने, वाटीभर नेतो."

साहेबांनी बोटांतल्या त्या कणाकडे पाहिलं. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "हा माझाच भात?"

त्या आवाजात असं काही होतं, की हसायला निघालेले लोकसुद्धा थांबले.

"बापूजी, आता लपवून काय उपयोग," साहेब म्हणाले. "मी नागपूरला नोकरीला आहे, पण मूळचा कोकणातला. परुळ्याचा. भात पोटात गेला नाही तर मी जेवलोच नाही, असं मला वाटतं. तुम्ही एवढ्या प्रेमानं वाढत होता... आठ पोळ्या खाल्ल्या हो मी. आयुष्यात एका बैठकीला दोनच्या वर कधी खाल्ल्या नव्हत्या."

बापूजी खाली बसले. मन्सूरभाई टोपी झटकायचं निमित्त करून तिकडे तोंड करून हसले. मग एकच धावपळ उडाली. रुखमाबाईनं उरलेला भात गरम करून आणला, वरण आणलं, आणि आठ पोळ्या खाल्लेल्या माणसानं शाळेच्या व्हरांड्यात मांडी घालून भाताचे चार घास असे खाल्ले, जणू तो सकाळपासून उपाशी होता. पाचची छोटी आगगाडी गाठायला निघताना साहेब म्हणाले, "चांद्याला तुमचंच मंडळ. मृदंगाला अर्धा तास ठेवा. आणि लटारूभाऊ, येताना तांदूळ घेऊन या. थोडा जास्तच आणा."

लटारूनं हात जोडले.

घरी जाताना तो पुढे आणि धुरपता मागे अशी दोघं चालत होती. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

"खोटं काऊन बोलली तू? शकुबाईच्या घरची म्हने!"

"भात म्हटला असता तं लावला असता काय?"

लटारू दोन पावलं चालला. "पन आवाज बेस निंगाला," तो नाइलाजानं म्हणाला.

"हाव. कसा निंगाला?"

"नेहमीसारखा."

"मंग झालं तं."

ती पुढे निघाली. लटारू मात्र तिथेच उभा राहिला. 'नेहमीसारखा' हा शब्द त्याच्याच तोंडून गेला होता आणि आता तो हळूहळू त्याच्या ध्यानात येत होता.

"धुरपता. बैलपोळ्याच्या बैठकीले मी वाजवलं, तवा?"

धुरपता चालत राहिली.

"अन् दिवाळीले? बापूजी म्हनले, असा आवाज आयकला नाई, तवा?"

"चला लवकर, ढोरं घरी आली असतील."

"किती साल झाले वं?"

आता ती थांबली. "मोजले नाई. पहिले दोन खेपा खरी कनिक देल्ली मी. मंग पाह्यलं, तुमी संध्याकाळी ते खरवडून कोंबड्याले टाकून राह्यले. गव्हासारखी चीज! माह्या जिवाले पटलं नाई. मंग भातच घोटून देत गेली. राख टाकली का रंग येते तसाच. तुमीबी कधी काही म्हनले नाई."

अकरा वर्षं. डोळे बांधा म्हणत गावभर फिरलेला माणूस डोळे उघडे ठेवून वाजवत होता. लटारूला आधी राग आला, मग लाज वाटली. पण नवरेपणाला काहीतरी आधार हवा असतो. एक मुद्दा त्याला सापडला आणि त्यानं तो घट्ट धरला.

"बरं, मृदंगाले भात लावला. मानलं. पन दर महिन्याले डब्यातून मूठभर कनिक तं कमी होत होती! ती कुठी गेली? तिचा हिशोब दे मले!"

धुरपतानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं.

"तुमीच नाई खाल्ली काय?" ती म्हणाली. "बैठक झाली का, तूप अन् गूळ लावून?"

त्या संध्याकाळी डब्यात कणीक नव्हती, त्यामुळे त्याच्या ताटात भात आला. त्यानं पहिल्या घासातलं एक शीत बोटांत धरलं, दिव्याच्या उजेडात पाहिलं, चोळलं, हुंगलं आणि हळूच विचारलं,

"हा कोनता वं?"

"लुचईच," धुरपता म्हणाली. "जेवा आता."